कर लागला तर आणि न लागला तर

अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे एका स्कूटरवर पेट्रोलपंपाच्या रांगेत होतो: पुढे माझे यजमान, मध्ये मी, मागे त्यांची बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. पेट्रोल महागणार अशी यजमानांची खात्री होती. आमचा नंबर लागेपर्यंत वन्संनी आणि मी शेंगदाण्यांच्या चार पुड्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी पेट्रोल स्वस्त झाले. वन्सं म्हणाल्या, "दादा, पुढच्या वर्षी नुसते शेंगदाणेच आणू."

आता यजमान नाहीत. मी हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपणाची हकीकत पुढे येईल. माझी प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला शेजारच्या दंतवैद्यबाईंकडे मागितला होता. त्यांनी "तोंड उत्तम चालते" एवढेच लिहून दिले. सोबत जोडला आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे समास सोडला आहे. त्यात नंतर कोणी काही भरू नये.

१. घर. माझा एकुलता मुलगा करसल्लागार आहे. वारसाहक्कावर कर बसणार, असे तो प्रत्येक अर्थसंकल्पाआधी सांगतो. परवा तर बक्षीसपत्र तयार करूनच आला.

"आई, फक्त सही कर. घर आत्ताच माझ्या नावावर झालं की प्रश्न मिटला. उद्या कायदा बदलला तर हात चोळत बसू."

मी चष्मा लावून वाचले. मागच्या खोलीचा उल्लेख 'अडगळीची खोली' असा होता. तिथे वन्सं राहतात. बाळा, तू रांगत होतास, तेव्हापासून.

"आणि आत्याचं काय?"

"आत्याचं बघू नंतर."

या घरात 'नंतर बघू' म्हटलेल्या गोष्टी मला पाठ आहेत. न्हाणीघरातला नळ अजून गळतो आहे. त्यात वन्संची भर नको. मी सही केली नाही. हे मृत्युपत्र त्याच बक्षीसपत्राच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत आहे. कागद जाड आणि चांगला आहे.

घर माझ्या पश्चात मुलाचेच. मात्र वन्सं हयात असेपर्यंत मागची खोली, स्वयंपाकघर आणि सकाळचे ऊन येणारा व्हरांडा वापरण्याचा हक्क त्यांचा राहील. तोवर घर विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही.

२. बँकेतली मुदत ठेव. घरावर वारसा कर लागला तर तो या ठेवीतून भरावा. उरेल ते वन्संना. न लागला तर सगळीच रक्कम वन्संना. त्यांनी विमानात खिडकीशी बसून वाटेल तिथे जावे. कर लागो न लागो, हा पैसा तुझ्याकडे येत नाही, तेव्हा कराची काळजी सोड. यालाही नियोजनच म्हणतात, बाळा.

३. लोखंडी कपाट किल्लीसकट सुनेला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. सही करण्याआधी कागद पूर्ण वाचणारी या घरात माझ्याखेरीज ती एकटीच.

वन्सं मघापासून खांद्यावरून डोकावत आहेत. "वहिनी, मी कुठे सही करू?" ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे मी सांगितले. मग म्हणाल्या, "तेवढा खोलीचा रंगही त्यात लिहा की."

रंगाचा खर्च मुलाने करावा. रंग वन्संनी निवडावा.

४. स्कूटर मुलाला. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी आत्याला मागे बसवून पंपावर न्यावे. टाकी भरावी, भाव विचारू नये. शेंगदाण्यांच्या पुड्या आत्याच्या हाती द्याव्यात. बसताना दोघांनी मध्ये थोडी जागा सोडावी.

साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्यबाई (सही)
कोपऱ्यावरचे घड्याळ दुरुस्तीवाले काका (सही)
लिहून देणार: करसल्लागाराची आई (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: अर्थसंकल्पाचा आदला दिवस