काळ्या चौकटीतलं नाव

३ मार्च २०१९, रविवार

आई गेली. सकाळी पावणेनऊला. पेजेचे दोन चमचे घेतले, तिसरा ओठांतच राहिला. तोंड पुसलं. डॉक्टरला फोन केला, मग दादाला.

दुपारपर्यंत दादा-वहिनी काओश्युंग शहरातून पोचले. तोवर शेजाऱ्यांनी देवांना मरण दिसू नये म्हणून त्यांच्यावर लाल कागद चिकटवला होता आणि पुढच्या खोलीत फळी टाकून आईला तिच्यावर ठेवलं होतं.

वहिनी माझ्या कानाशी लागली. सासरी दिलेल्या मुलीनं गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रडत घरात यायचं असतं, लोक बघतायत म्हणाली. मी म्हटलं, मी घरातच होते. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं घरातच आहे.

"म्हणून काय झालं, वन्सं? बाहेर जा आणि परत या."

गेले. आले. डावा गुडघा खरचटला. रडू आलं नाही.

५ मार्च, मंगळवार

अंत्यविधीवाला शोकपत्रिकेसाठी नावं मागून गेला. मुलगे, सुना, मुली, नातवंडं, सगळी ओळीनं. आधी वारलेल्यांची नावं काळ्या चौकटीत. एक नाव खालीवर झालं तर वीस वर्षं बोलणी खावी लागतात. दादानं काम माझ्यावर ढकललं. तू पोस्टात होतीस, तुझं अक्षर चांगलं.

घर त्याच्या नावावर करायचं आहे. त्यासाठी आईचे जन्मापासून मरणापर्यंतचे नोंदवहीतले सगळे उतारे लागणार. तेही मीच आणायचे. पोस्टात होते ना.

६ मार्च, बुधवार

नोंदणी कचेरी. कारकून ल्याओ अजून तिथंच आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. पूर्वी पोस्टात माझ्या खिडकीवर पाकिटं वजन करायला यायचे आणि वजन मान्य करायचे नाहीत. आज त्यांनी दोन तास काढले माझ्यासाठी.

इथं जपान्यांचं राज्य होतं तेव्हाचे उतारे पहिल्यांदाच पाहिले. कुंचल्यानं लिहिलेले. माणसामागं एवढाले रकाने — अफू ओढतो का, लहानपणी पाय वाढू नयेत म्हणून बांधलेले आहेत का. आजीचे बांधलेले, मग सोडलेले. माणूस मेला की नावावर तिरकी रेघ. एका पानावर नऊ रेघा होत्या. ल्याओ म्हणाले, "बाई, हे पान म्हणजे अख्खी स्मशानभूमी."

आईची ओळख एका ओळीत. वय तीन वर्षं, अमक्या घरून आणली, पुढे मुलाची बायको करण्यासाठी. हे माहीत होतं. लिहिलेलं वाचताना वेगळंच वाटलं.

नंतरच्या उताऱ्यात माझी ओळ: वेंग स्यू-ल्वान, जन्म नोव्हेंबर १९५३. अर्थातच रेघ नाही.

८ मार्च, शुक्रवार

नावांचा क्रम कसा असतो ते पाहायला आईचा बिस्किटांचा डबा उघडला. जुन्या शोकपत्रिका तळाला होत्या. बाबांची ठीक आहे.

आजोबांची ऑक्टोबर १९५५ ची. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. मुलगे, सुना. नातू चिन-च्वान, म्हणजे दादा. त्याच्याखाली नात, स्यू-ल्वान.

चौकटीत.

माझं नाव चौकटीत.

९ मार्च, शनिवार

आज आईचा पहिला सातवा; दर सात दिवसांनी एक विधी असतो. भटजी गेल्यावर दादाला पत्रिका दाखवली. बघितल्यासारखं केलं. म्हणाला, त्या काळी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना वाचायला तरी येत होतं का, चूक असेल. आणि चष्मा पुसत बसला.

चष्मा पुसायला इतका वेळ लागत नाही.

११ मार्च, सोमवार

बसनं आत्याकडे गेले. बाबांची बहीण, अठ्ठ्याऐंशीची. बांधापलीकडच्या गावात असते. कान गेलेत, बाकी सगळं शाबूत. अंगणात कालवं फोडत बसली होती. तिला वाचता येत नाही, पण चौकट ओळखली.

"ही अजून आहे होय?" हातातलं कालव काही ठेवलं नाही.

मोठ्यानं विचारलं, चौकटीत मी कशी?

"तू कुठली? ती आधीची. तू नंतर आलीस."

तिनं फोडत फोडतच सांगितलं. १९५५ चा ऑगस्ट. मीठ गोळा करायचे शेवटचे दिवस. पोरीला ताप होता. आजीनं आईला मिठागरावरून सुट्टी दिली नाही. तापाच्या तिसऱ्या दिवशी आई कामावरून आली तेव्हा पोर गार. बाबांनी चटईत गुंडाळलं आणि एकटेच बांधापलीकडे घेऊन गेले. आईला जाऊ दिलं नाही, एवढ्या लहान मुलामागं आईनं जायचं नसतं. कुठं पुरलं ते बाबांनी कुणाला सांगितलं नाही. चाळीस दिवसांत आजोबा गेले. पत्रिका बाबांनी लिहिली आणि पोरीचं नाव चौकटीत घातलं. लहान पोरीचं कुणी घालत नाही. आजीला वाचता येत नव्हतं, आणि तिला कुणी सांगायला गेलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी झाले. कचेरी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आजी म्हणाली, एका मुलीची नोंद आहे ना तिथं? आहे तीच चालवा.

"मुलीसाठी दोनदा कोण जातं?" आत्यानं आजीचा आवाज काढून दाखवला. हुबेहूब.

तिचं मरण कुठं लिहिलं गेलं नाही. माझा जन्मही नाही.

आई काहीच बोलली नाही का, विचारलं.

"आई काय बोलणार. सून. तीच मुळात दुसऱ्याच्या घरून उचलून आणलेली." मग सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. "पण त्या नावानं तिनं तुला हाक मारलेली मी काही ऐकली नाही. तू ऐकलीस?"

नाही. अगं. ए. इकडे ये. हे घे.

निघताना पिशवीभर कालवं दिली. नको म्हटलं तरी दिली. अजून तशीच आहेत.

१२ मार्च, मंगळवार

आजोबा खांद्यावर बसवून मिठागरावर न्यायचे, ती. दहाव्या महिन्यात बोलायला लागली, ती. ताप आला तरी कुरकुर नाही — तीच. आणि मी लहानपणापासून या गोष्टी माझ्या म्हणून जपून ठेवल्या. नवऱ्याला सांगितल्या. स्वतःचं काही सांगण्यासारखं नव्हतं, हे तरी होतं.

"दोन वर्षांची होईस्तोवर किती गुणाची होतीस तू! पुढं काय झालं देव जाणे." हे आईचं ठेवणीतलं वाक्य. पाहुण्यांसमोर. माझ्या सासूसमोर. मागच्या महिन्यातसुद्धा, मी तिचं अंग पुसत असताना. मला वाटायचं, कधीतरी मी बिघडले. कुठं बिघडले ते शोधत राहिले. चांगली वागले, वरचे नंबर काढले, तिचे लंगोट अकरा वर्षं धुतले. पुन्हा तशी होता येईल म्हणून!

मेलेल्या बहिणीशी शर्यत लावून दिली होती मला. आणि सांगितलं नव्हतं.

शाळेत एक वर्ष उशिरा घातली तरी वर्गात सगळ्यांत लहान मीच. आई म्हणायची, खात नाहीस. गेल्या नोव्हेंबरात पासष्टीचं बसचं कार्ड मिळालं. खरी मी बासष्टची. सरकारला फसवलं, आजीच्या कृपेनं.

दुपारी पुन्हा ल्याओंकडे. पंचावन्न-छप्पन सालचा आमच्या घराचा आणखी काही कागद असेल का, विचारलं. छप्पनच्या सप्टेंबरात शिरगणती झाली होती म्हणाले. घरोघरच्या याद्यांचे गठ्ठे मागच्या खोलीत आहेत, वाळवीनं काही शिल्लक ठेवलं असेल तर बघतो. कशाला हवं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१३ मार्च, बुधवार

पत्रिकेचा कच्चा कागद आला. मुलींच्या ओळीत एकच नाव. मी वर लिहिलं — मोठी मुलगी, वेंग स्यू-ल्वान, आणि भोवती चौकट काढली. खाली धाकटी, तेच नाव, चौकट नाही.

दादा भडकला. एकाच नावाच्या दोन मुली, एक मेलेली एक जिवंत, लोक म्हणतील छापखाना पिऊन बसला होता. शिवाय कचेरीत कुणी हे उकरून काढलं तर घराचे कागद वर्षभर अडकतील. ते खरं आहे.

"मग मला काढ," मी म्हटलं. "तिला ठेव. नाव तिचंच आहे."

त्यानं कागद पुढ्यात ओढला. मग कागदाकडे बघतच म्हणाला, "मला आठवते ती. माझ्या मागं मागं यायची. आईनं बजावलं होतं, हिला कधी सांगायचं नाही."

मला वाटलं, आता ठेवील. त्यानं खोडरबर मागितलं.

वहिनी चहा घेऊन आली. "वन्सं, मेलेल्यांवरून रुसायचं वय आहे का हे?"

मी रुसले नव्हते. मला एवढंच हवं होतं की आईच्या शेवटच्या कागदावर तिच्या मुली जेवढ्या होत्या तेवढ्या असाव्यात. बहात्तर उतारे काढले मी. एकाही कागदावर आम्ही दोघी नाही. कुठं ती आहे आणि मी नाही, कुठं मी आहे आणि तेही तीच.

१६ मार्च, शनिवार

आईला पोचवली.

भटजीनं माइकवर एकेक नाव घेतलं. नाव आलं की पुढं जायचं, गुडघे टेकायचे. मुलगी स्यू-ल्वान, म्हणाला. मी उभीच. हट्टानं नाही. खरंच, आपल्याला बोलावलंय असं वाटलं नाही. त्यानं पुन्हा घेतलं. लोक माना वळवून बघायला लागले. वहिनीनं कोपरानं ढोसलं.

गेले. गुडघे टेकले. आणि रडू आलं, थांबेना. मुलगी म्हणजे अशी असावी, असं बायका म्हणत होत्या म्हणे.

आईसाठी रडले नाही मी.

२० मार्च, बुधवार

उतारे सगळे दाखल केले. घर दादाच्या नावावर होईल. मला राहू देणार आहेत, वहिनी म्हणाली.

ल्याओंनी गठ्ठे काढलेत, पण गावं सरमिसळ झालीत. ते म्हणाले, बाई, आशा धरू नका. धरलेली नाही. आई त्या घरात तीन वर्षांची असल्यापासून होती. दुसऱ्याची जागा भरायला आणलेल्या माणसाला काय वाटतं, हे तिला माहीत असणारच. माहीत असून तिनं मला एक नाव दिलं नाही. चार-सहा महिने बिननावाची ठेवली आणि मग मेलेलीचं अंगावर टाकू दिलं. तिच्यावर सासू होती, कबूल. पण सासू अडुसष्ट साली मेली. त्यानंतरची पन्नास वर्षं कुणाची भीती होती?

२४ मार्च, रविवार

आईचा फोटो भिंतीवर लावला. त्याच्याकडे पाठ करून जेवले.

२८ मार्च, गुरुवार

पाच तारखेला, शुक्रवारी, कबरी झाडायच्या सणाला दादा येणार आहे. आजोबांची, आजीची, बाबांची, आईची. गवत माजलंय. कोयत्याला धार लावून ठेव म्हणाला.

बाबा पोरीला घेऊन गेले त्या बांधापर्यंत चालत गेले. तिथं आता सौरऊर्जेच्या काचा आहेत, मैलभर. विचारायला कुणी नाही.

२ एप्रिल, मंगळवार

ल्याओंचा फोन आला. जाऊन पाहिलं. शिरगणतीची यादी, सप्टेंबर १९५६, आमचं घर. कडा खाल्लेल्या आहेत, मधलं सगळं वाचता येतं.

घरप्रमुख: मिठागरावर. त्याची आई: मिठागरावर. माहिती देणार: घरातली सून, निरक्षर. डाव्या अंगठ्याचा ठसा.

मुलगा चिन-च्वान, सहा वर्षं, घरी. मुलगी स्यू-ल्वान, तीन वर्षं, घरी. मुलगी चिंग-यिन, चार महिने, घरी.

शेवटच्या ओळीवर नंतर कुणीतरी शाईनं काट मारलीय. खालचं अक्षर दिसतं.

ल्याओंनी चष्मा वर केला. "ही चिंग-यिन कोण हो, बाई?"

"मी."

घरी आले. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले. घड्या घातल्या.