गावच्या जावयाची आर्टिकलशिप

हिंगोली, शनिवार

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी जावई माणिकचा दंडवत.

गुडघा कसा आहे? तेल लावून राहिलात, की बाटली देवळीत शोभेला ठेवली? मामींचा खोकला, नव्या शेळीची करडं, सगळं खुशाल असावं. इकडं रागिणी बरी, लेकरं बरी. मी कसा आहे ते खाली येतंय. (फोनवर तुमाला अर्धंच ऐकू येतं आणि सगळं शेजाऱ्यांना, म्हणून पत्र.)

तुमाला ठाऊकच आहे, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझे केस पिकले. ताळेबंद मी जुळवायचा, आणि खाली सही मात्र माझ्या निम्म्या वयाच्या सीएची, कारण परवाना त्याच्याकडं. त्या सहीपायी चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसलो (केंद्रावरच्या पोरांनी मला पर्यवेक्षक समजून पुरवण्या मागितल्या) आणि मधली परीक्षा पासही झालो. आता नियम असा, की शेवटच्या परीक्षेआधी एखाद्या सीएच्या हाताखाली दोन वर्षं काम शिकायचं. याला आर्टिकलशिप म्हणतात. तेवढा काळ दुसरी नोकरी करता येत नाही, म्हणून पेढीवरची मॅनेजरकी सोडली. घर सध्या रागिणीच्या शाळेच्या पगारावर आहे. ही दोन वर्षं वाया गेली तर मी मॅनेजरही नाही आणि सीएही नाही.

माझं वय पाहून इथल्या सीए लोकांनी दुरूनच हात जोडले. तयार झाला एकटा शिवहार, तुमच्या गल्लीतल्या सखुबाईंचा लेक. मला आनंद झाला, आणि तिथंच गणित चुकलं. रागिणी जवळा बाजार गावची, म्हणजे मी अख्ख्या जवळा बाजारचा जावई, हे मी विसरलो. शिवहार विसरला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं मला पंख्याखालची स्वतःची खुर्ची दिली आणि आपण फायली घेऊन स्टुलावर बसला. तेवढ्यात तेलाच्या गिरणीवाले पुनमचंद आले. त्यांनी ही मांडणी पाहिली, मलाच मोठे साहेब समजले आणि तासभर टॅक्सची तकलीफ सांगत बसले. मीही मान डोलावली (चहा चांगला होता). काम सांगायला शिवहारची जीभ रेटत नाही. गोडाऊनमधला माल मोजायला मी निघालो तर आडवा आला, म्हणे, “दाजी, तुमाला उन्हात धाडलं तर गावात तोंड कसं दाखवू?” विद्यावेतनाचा चेक दिला तो कुंकू लावून, टॉवेल-टोपीसकट. कुंकू सहीवर पसरलं आणि बँकेनं चेक परत केला.

परवा तर हद्द झाली. पुनमचंदांच्या हिशेबात मी विक्रीचा आकडा खरेदीत घातला. पेढीवर कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. शिवहारचा चेहरा पडला, पण म्हणाला, “बराबर आहे दाजी, मी जरा हात फिरवतो.” सगळं त्यानं पुन्हा केलं आणि उशीर झाला म्हणून पुनमचंदांची बोलणीही त्यानंच खाल्ली. मामा, मला फार लाज वाटली. वर त्यानं हळूच सांगितलं, की काम न करता काम शिकल्याचा दाखला काही देता येणार नाही, खोट्यावर सही करणार नाही. म्हणजे जावई म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून दाखला नाही. ही कोंडी सोडवायचा धडा आमच्या अभ्यासक्रमात नाही.

असो. तब्येतीला जपा, मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
माणिक

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. शिवहार तुमचा शब्द मोडत नाही. तेव्हा सोमवारी हिंगोलीला या आणि ऑफिसात चारचौघांसमोर मला एकदा चांगलं झापा. अहोजाहो करायचं नाही, सरळ ‘अरे माणक्या’ म्हणायचं. सासराच बोलला म्हणजे शिवहारची भीड चेपेल. लग्नापासून तुमी मला कधी वाकडा शब्द बोलला न्हाईत, जड जाईल. आधी बोकडावर सराव करा. रागिणीला कळू देऊ नका, कारण ‘यांना सांभाळून घे’ असं शिवहारला तिनंच बजावलंय.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालायचं होतं, तेवढ्यात आज दुपारी वेगळंच घडलं. पुनमचंदांच्याच हिशेबात माझी तीच चूक पुन्हा झाली. शिवहार स्टुलावरून उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, ध्यान कुठं आहे तुमचं? पुन्हा असं झालं तर घरी बसा.” मामा, तुमच्या गावच्या माणसानं मला असं बोलावं? चहा अर्धा टाकून घरी आलो, डबाही तिथंच राहिला. परवाना, दाखला नंतर बघू, आधी मान. आमच्या शेजारच्या केशरबाई उद्या पहिल्या गाडीनं तिकडं येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. सोमवारी याच, पण शिवहारला झापायला. त्याला घेऊन माझ्या घरी या आणि रीतसर बोलावून न्या. बोलावल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. फक्त दहाच्या आत या. दहाला हजेरी लागते. तोवर कुणी आलं नाही तर मला न बोलावताच जावं लागेल.