बैठकीतला दिवा आणि यांचा कोट

२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आज भांडी पुसताना ती सकाळ आठवली. तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात आणि ओट्यापाशी भाजी चिरत होतात. मी चहा गाळत होते. हे शेजारी एका पायावर उभे राहून मोजे चढवत होते. यांनी खिडकीकडे पाहिलं, उजाडलंय म्हणाले आणि दिवा बंद केला. उजाडलं नव्हतं. चहा अर्धा कपात आणि अर्धा यांच्या मोज्यात गेला. वीज कंपनीत मीटर वाचणारा माणूस; जन्मभर लोकांची युनिटं टिपली आणि घरी येऊन आम्हाला अंधारात बसवलं.

हे आठवायचं कारण म्हणजे आता घरातली बटणंच गेली. माझी बोटं आखडतात म्हणून मुलाने हौसेने घरभर हात न लावायचे स्विच बसवले. भिंतीवर काळ्या काचेची पट्टी. समोर हात हलवला की दिवा लागतो, पुन्हा हलवला की विझतो. सोबतची पुस्तिका मी दोनदा वाचली. पण हातवारे केल्याशिवाय मला बोलता येत नाही, त्याबद्दल पुस्तिकेत काही नाही. शेजारणीला माझ्या दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगत होते, तर स्वयंपाकघरात चारदा अंधार झाला. ती म्हणाली, तुमचा राग आता बिलात दिसेल.

इथवर गंमत. पण बैठकीतला दिवा आपोआप लागतो नि विझतो. वायरमन दोनदा येऊन गेला. त्याच्यासमोर दिवा शहाण्या मुलासारखा वागतो. सूनबाईला वाटतं, मीच लावते आणि विसरते. मुलगा म्हणतो, आई, एकटीने राहणं पुरे झालं. बावीस तारखेला रविवारी गाडी घेऊन येतो, तू आमच्याकडे चल, घर भाड्याने देऊ. वन्सं, माझं डोकं ठिकाणावर आहे. पण असं स्वतःच सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवतं?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही, म्हणून लिहिलं. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमची वहिनी

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग संशय आला.

आमच्या दवाखान्याच्या संडासात असाच एक हुशार दिवा आहे. माणूस हलला नाही की विझतो. परवा आत बसून मी दोन्ही हात हवेत हलवत होते. बाहेरच्या बाईने दार ठोठावून विचारलं, काही मदत हवी का. इतक्या जोरात, की मलासुद्धा ऐकू आलं. सांगायचं एवढंच, की हे दिवे हललेलं बघतात. त्यांना भूत दिसत नाही आणि विसराळू बायकाही दिसत नाहीत.

तेव्हा खरं सांग. मागे आले होते तेव्हा बैठकीच्या दाराशी खुंटीवर माझ्या भावाचा खाकी कोट होता. पोराला तू सांगितलंस, जुन्या कपड्यांत दिला म्हणून. दिलास का? उलट टपाली उत्तर दे, आणि गोल गोल लिहू नकोस. ते मला जमतं, तुला नाही.

दोन्ही कानांनी बहिरी पण डोळ्यांनी शाबूत असलेली,
तुझी नणंद

१० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

नाही दिला.

मुलगा किंवा वायरमन येणार असला की मी कोट काढून तांदळाच्या डब्यात कोंबते आणि ते गेले की झटकून पुन्हा अडकवते. म्हणजे डॉक्टरला बोलवायचं आणि दुखणं लपवायचं, तसा प्रकार. पहिल्या वेळी मुलाच्या कानावर जाऊ नये म्हणून लपवला, दिव्याचं कारण तोच आहे हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आलं. खिशात यांची टॉर्च आहे. तिच्या वजनाने कोट कलतो आणि डावी बाही त्या पट्टीसमोर येते. वारा आला की हलते. जन्मभर दुसऱ्यांचे मीटर वाचले, आता स्वतःचाच पळवतायत.

मग सांगत का नाही, असं विचाराल. कोट देऊन टाक, असं मुलगाच म्हणाला होता. रोज डोळ्यांसमोर दिसला की तुला त्रास होतो म्हणाला. मला त्रास हे नसण्याचा होतो, आणि ते काही खुंटीवरून काढून ठेवता येत नाही. शिवाय, संध्याकाळी वाचनालयातून येते, दार उघडते, वारा आत शिरतो आणि मी हात न हलवता दिवा लागतो. बास, एवढंच.

सांगितलं तर कोट जाईल, लपवलं तर घर जाईल. तुम्हीच सांगा. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र थांबवू नका.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस,
अ. आ.

माझ्या भावाने जन्मात तुझ्यासाठी दिवा लावला नाही, लावलेला विझवला. वाऱ्याचं श्रेय त्याला देऊ नकोस. तो चांगला होता, ते वेगळ्या कारणांनी. त्या सकाळी मोज्यात चहा पडला तरी ओरडला नाही. उरलेला अर्धा कप प्यायला आणि ओल्या मोज्याने कामावर गेला. तेवढं धरून ठेव.

रविवारी कोट खुंटीवरच राहू दे. खिडकी उघड, पोराला खुर्चीत बसव आणि गप्प राहा. ते तुला जड जाईल, तेव्हा हात मांडीखाली घे.

आशीर्वाद कायम आहेत, तक्रारीही.
तुझी नणंद

२२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हात मांडीखाली घेऊन बसले. सूनबाईने विचारलं, आई, थंडी वाजतेय का. खिडकी सताड उघडी आणि वारा मेला पडलेला! कोट ढिम्म. मुलाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं म्हणाला, सामान कुठाय.

शेवटी मीच उठले आणि बाहेरचं दार उघडलं. झोत आला, बाही हलली, दिवा लागला. पुन्हा हलली, विझला. मुलाने पुढे होऊन बाही हातात धरली. दिवा गप्प झाला. तो म्हणाला, आई, हा तू दिला होतास ना. मी म्हटलं, दिला होता, तांदळाच्या डब्याला. मग वायरमनची सगळी हकीकत सांगितली. सूनबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मुलाने खिशातून टॉर्च काढून दाबून पाहिली. लागली नाही. म्हणाला, बाबा इतके काटकसरी, सेल काढून ठेवायला कसे विसरले. मग तोंड खिडकीकडे फिरवलं. बाही सोडली नव्हती.

भाड्याचा विषय त्याने काढला नाही, मी काढला. म्हटलं, मी इथेच राहणार. बरं म्हणाला. निघताना विचारलं, स्विच हलवू की खुंटी? मी म्हटलं, उद्या सांगते.

तुमचा सल्ला अर्धा चालला. उरलेल्या अर्ध्याबद्दलही उपकार मानते.

तुमची वहिनी

ता. क. — काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी टॉर्चमध्ये नवे सेल घातले, कोट झटकून अंगात घातला, बाहीने दिवा बंद केला आणि दूध आणायला गेले.