दारापर्यंतची वाट

अंजूर,
ऑगस्ट १९९१

प्रिय कमळे,

फियाट लग्नापर्यंत दुरुस्त होईल का, असं तू हॉस्टेलमधून दोनदा विचारलंस. मी उत्तर टाळलं. लिहायला बसलो की माझं डोकं दुखतं, असं तुझी आई चिडवते. आज डोकं दुखत नाही, लाज वाटते.

भिवंडीचा मिस्त्री बघून गेला. इंजिनात गाळ शिरलाय, सीटा कुजल्यात, पण सगळं खोलून धुतलं तर चालेल म्हणतो. "बन जाएगी सेठ, सोच लो." मार्गशीर्षात तुझी पाठवणी आपल्या गाडीतून करायची, हा हट्ट माझाच. तू कधी मागितली नव्हतीस.

पुराची गोष्ट आईने तुला अर्धीच सांगितली. उधाणाची भरती, त्यात पाऊस, पाणी आळीत शिरलं. ओहोटी लागली तरी उतरेना. शेजारच्या सीताबाईच्या घरात गुडघाभर पाणी, भाताची कणगी भिजलेली, आणि ती दारातून ओरडतेय, "आधी गाडी काढा रं, कमळीच्या लग्नाची हाय ती!" माणसं आपापली घरं तशीच टाकून धावली. त्यांनी गाडी ढकलली आणि मी आत स्टिअरिंग धरून बसलो. खाली उतर असं कुणी म्हटलं नाही, मलाही सुचलं नाही.

पाणी का उतरेना, ते आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. शिमग्यानंतर गाडी थेट दारात यावी म्हणून मी भराव टाकून वाट केली, ती नाल्यावर. त्याच नाल्याने पाणी बांधातल्या उघाडीच्या झडपेपर्यंत जायचं आणि ओहोटीला ती उघडली की खाडीत सुटायचं. जन्म खाडीकाठी गेला माझा आणि नाला मीच बुजवला! निदान पाइप तरी टाका, असं तू म्हणाली होतीस. नर्सबाई आता इंजिनियर झाल्या, म्हणून मी हसलो होतो.

गाडी आहे तशी विकतोय. त्या पैशात भराव काढून नाला मोकळा करणार. तुला लग्नात नाक्यापर्यंत चालत जावं लागेल, तेवढं सांभाळून घे.

पण पत्र त्यासाठी नाही. सीताबाई रोज गाडीची चौकशी करते, नाल्याचं नाव काढत नाही. तिच्या दारात जाऊन हे मला माझ्या तोंडाने सांगायचंय. दोनदा निघालो, आणि दोन्ही वेळा गाडीपाशी थांबून ती पुसत बसलो. रविवारी ये पोरी. तू बोलू नकोस, नुसती माझ्याबरोबर चल.

तुझाच, वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा