तळ्याचा रंग

अण्णा, त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, लेकीची वेणी घालायची राहिली होती आणि तव्यावर पोळी होती. तुम्ही जेवणाच्या टेबलावर सायन्स पार्कचा नकाशा पसरलात, कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवलेत. "सूनबाई, रंग भर. आमचा ड्राफ्ट्समन लग्नाला गेलाय आणि अकराला मीटिंग आहे."

हे, तुमचा मुलगा, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुमच्या मोतीबिंदूमुळे ऑफिसचे रिपोर्ट मी मोठ्यानं वाचायची, त्यातूनच इंग्रजी शिकले. शब्द अडला की तुम्ही अर्थ सांगायचा नाहीत, डिक्शनरी पुढे सरकवायचात. निळा आणि जांभळा तुम्हाला एकच दिसतो, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं, तर निवृत्तीआधीच तुम्हाला बाजूला बसवलं असतं. म्हणून निळी पेन्सिल मी कायम चष्म्याच्या घरापाशी ठेवायची.

मी घरं पिवळी केली, प्रयोगशाळा जांभळ्या. मधलं गावाचं तळं तुम्ही स्वतःसाठी ठेवलं होतंत. तिथले लोक त्याला जोहड म्हणायचे. "पार्क गावासाठी आहे, गाव पुसायला नाही," असं म्हणत, चष्म्याच्या घराजवळची पेन्सिल उचलून तुम्ही ते सावकाश भरलंत. मी वेणी घालून आले तेव्हा तुम्ही बूट घालत होतात. तळं जांभळं झालं होतं. शाळेच्या बसचा हॉर्न ऐकून मीच घाईत जांभळी पेन्सिल तिथे ठेवली होती. खाली जीप उभी होती. मी नकाशा गुंडाळला आणि त्याला रबर लावला.

नकाशा पास झाला. पुढच्या वर्षी तळ्यात भराव पडला. गावचा एक म्हातारा तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "बाबूजी, आपने कहा था जोहड़ रहेगा. अब भैंस आपके दफ़्तर में नहाएगी?" साहेबांनी नकाशा मागवला, सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले. संध्याकाळी हे तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलंत. म्हणालात, "माझ्याच डोळ्यांनी दगा दिला. तू तर सगळं जागच्या जागी ठेवतेस." मी वरणाला फोडणी देत होते. देत राहिले.

आता मी लेकीकडे गुरुग्रामला असते, बाराव्या मजल्यावर. समोरच तो पार्क. त्यातल्या प्रयोगशाळा थोड्याच उभ्या राहिल्या, बाकी सगळे टॉवर. पाऊस झाला की एका इमारतीच्या तळघरातून दिवसभर पंप चालतो. लेक विचारते, "आई, दर वर्षी हे पाणी येतं तरी कुठून, यार?" मी म्हणते, काय की.

तुम्ही शेवटपर्यंत डोळ्यांनाच दोष देत राहिलात. हा कागद मी तुमच्या डिक्शनरीत ठेवणार आहे. त्या संध्याकाळी तुम्ही दारात उभे होतात, तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.