मी रोज त्याच गडावर का जातो, आणि माझे घर कोणाला

मी, मुखरू लटारू दोनाडकर, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी नाटकात खलनायक व आता धानाची शेती, राहणार कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, हे माझ्या मरणानंतरच्या व्यवस्थेसाठी स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, पाजलेले नाही, आणि लिहिताना खोलीत दुसरे कोणी नाही. दाराची कडी मी स्वतः लावली आहे, खिडकीबाहेरही पाहून घेतले आहे.

डोके ठिकाणावर असल्याचे सगळेच लिहितात आणि त्यांच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. माझ्याकडे मागितला जाईल. माझा पुतण्या धनराज वरोऱ्याला सोयाबीनची अडत करतो. तो गावात सांगत फिरतो की, "बुढ्याले गेमचं येड लागलं, त्याच्या सहीले काई अर्थ नाई." म्हणून घर कोणाला हे सांगण्याआधी मला खेळाबद्दल लिहावे लागते आहे. हे प्रकरण कोर्टात गेलेच, तर न्यायाधीश साहेबांनी मधली पाने गाळू नयेत ही विनंती.

कलम १. मिळकत. कुरखेड्यात मुख्य रस्त्यावर माझे चार खोल्यांचे पक्के घर आहे. ते वडिलोपार्जित नाही, ही ओळ वकिलांनी ठळक करावी. ते मी मरून मरून बांधले आहे. वडशाच्या नाटक मंडळ्यांत (आमच्याकडे मंडळीच्या कचेरीला 'प्रेस' म्हणतात) मी जन्मभर सावकार, पाटील, दरोडेखोर आणि लबाड दिवाण झालो, आणि दर प्रयोगात तिसऱ्या अंकात मेलो. लोकांनी ते इतके मनावर घेतले की सिंदेवाहीच्या बाजारात एका बाईने मला वांगी विकली नाहीत. घराशिवाय नदीकडच्या बांधीचे धानाचे शेत आहे. एक कॉम्प्युटर आहे, आणि त्यात तो खेळ आहे.

कलम २. खेळ. कोरोनात नाटके बंद पडली. माझी पत्नी गिरजाबाई त्याआधीच गेली होती. मी घरात नुसता भिंतीकडे पाहत बसायचो. पुढच्या खोलीत रंजीता नावाची बाई भाड्याने राहून तिथेच ऑनलाइन सेंटर चालवायची, म्हणजे सातबारा, दाखले, पिकविम्याचे अर्ज. नवऱ्याला सोडून आलेली, तिशीची, बोलायला फटकळ. सेंटरही बंदच होते. तिने मला बोलावून हा खेळ दाखवला. ती त्याला 'ॲक्शन आरपीजी' म्हणते. मी 'गड' म्हणतो. यात आपला वीर आपणच घडवायचा, त्याचा चेहरा, कसब, हत्यार सगळे आपण ठरवायचे, आणि एका पडक्या राज्यातून लढत लढत गडापर्यंत जायचे. मेलो तर मागच्या शेकोटीपाशी उठायचे आणि पुन्हा निघायचे.

मी तो खेळ पुष्कळदा संपवला आहे आणि पुष्कळदा पहिल्यापासून सुरू केला आहे. धनराजच्या मते हाच वेडाचा पुरावा. मग मंडईतले, म्हणजे आमच्या जत्रेतले, एकच नाटक दरवर्षी बघायला वीस गावांचे पाहुणे मुक्कामाला येतात, त्या सगळ्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात भरती करावे काय? शेवटी मी मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचे. तरी लोक यायचे, कारण कसा मरतो ते पाहायचे असायचे. मी पहिल्यांदा गडावर गेलो तो चिलखत घालून, ढाल पुढे करून. दुसऱ्यांदा चोर होऊन गेलो, तेव्हा ज्या बाईने पहिल्या वेळी मला जेवू घातले तिनेच दार लावून घेतले. तिसऱ्यांदा मंत्र म्हणणारी म्हातारी झालो. नाटक एकच, पण पात्र बदलले की सगळ्यांची तोंडे बदलतात. मला उभ्या आयुष्यात कोणी पात्र बदलू दिले नाही.

दुसरे कारण गडाचा दरवान. हा दोन पुरुष उंच, हातात परशू, आणि त्याने मला अगणित वेळा मारले आहे. पण घाव घालण्याआधी तो डावा खांदा उचलतो. प्रत्येक वेळी उचलतो, चुकवत नाही. पाहिले तर वाचलो, नाही पाहिले तर चूक माझी. माझ्या नात्यात असा एकही माणूस नाही. आमच्याकडे पाया पडता पडता खिसा चाचपतात. संशयी माणसाला आराम कुठे मिळतो हे मला कोणी विचारले, तर मी त्या दरवानासमोर मिळतो असे सांगेन.

आणि एक बारीकसे. खेळात काल मी पेटी जिथे ठेवली, तिथेच ती आज असते. माझ्या घरात धनराज येऊन गेला की घराच्या कागदांची पिशवी कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात सापडते.

कलम ३. धनराज. मी मुद्दाम एक बातमी सोडली. धनराजला सांगितले की घर रंजीताच्या नावे लिहिले. दर सणाला डिंकाचे लाडू घेऊन येणारा पुतण्या त्या दिवसापासून लाडवांसकट नाहीसा झाला. मग दिवाळीनंतर एका चष्मेवाल्या गृहस्थाला घेऊन आला. म्हणाला, "काका, हे वडशाचे नवे प्रेसवाले हायेत. तुमाले मोठा रोल देऊन राह्यले."

ही चूक नागपूरकराने केली असती तर समजू शकलो असतो. या नाटकवेड्या झाडीपट्टीत जन्मलेल्या पोराने करावी? दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो. तेव्हा प्रेसवाल्याला जेवायला फुरसत नसते, तो कुरखेड्यात चहा पीत बसेल? आणि आला तरी पहिला प्रश्न एकच, "भाऊ, तारखा कोणत्या खाली?" या गृहस्थाने विचारले, "काका, आज वार कोणता?"

मी म्हटले, "शनिवार. आन् तुमी येड्याचे डॉक्टर."

धनराज अंगणात निघून गेला. डॉक्टर मात्र हसले. त्यांचे नाव गुणवंतराव बोरकुटे. त्यांनी कबूल केले की पुतण्याने काकांना भास होतात, ते पडद्यावरच्या माणसांशी भांडतात असे सांगून आणले. मी म्हटले, भांडतो, संवाद म्हणतो, जुनी सवय आहे. बसा, दाखवतो. त्यांनी विचारले, "संपलेला खेळ पुन्हा का?" वर लिहिले तेच मी त्यांना सांगितले आणि माऊस हातात दिला. दरवानाने त्यांना मारले. त्यांनी कोट काढला. पुन्हा मारले. धनराज बाहेरून हाका मारत होता, "डॉक्टरसाहेब, गाडी उभी हाय ना!" आणि डॉक्टर म्हणत होते, "एकच मिनिट, आता मला त्याचा खांदा दिसला." माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या महिन्यात ते स्वतःहून आले, तेव्हा मला आधी त्यांचाही संशय आला. पण ते फक्त खेळले आणि चहा पिऊन गेले.

तरीही नदीकडचे शेत मी धनराजला देतो. तो माझ्या भावाचा मुलगा आहे आणि लहानपणी मी स्टेजवर मेलो की खरेच रडायचा. मात्र त्याने या कागदाविरुद्ध कोर्टात पाऊल टाकले, तर ते शेत बटईने करणाऱ्या सुकलूला जावे. सुकलूला हे सांगू नये, नाहीतर तोच धनराजला कोर्टात जा म्हणून भरीस घालेल.

कलम ४. सामान. रंगपेटी, तीन मिशा आणि लाकडी तलवार वडशाच्या ज्या पोराला दुष्टाचे काम करायचे असेल त्याला द्यावी. नायकाचे काम करणाऱ्याला देऊ नये. त्या लोकांनी माझ्या टाळ्यांवर जन्म काढला. माझे जुने प्रॉम्प्टर मित्र भैयाजी यांना काही दिलेले नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, आणि मीही देणार नव्हतोच. पंचाहत्तरीतल्या माणसाला मिशा कशाला?

कलम ५. रंजीता. माझे कुरखेड्याचे घर, चारही खोल्या, अंगण, विहीर आणि आतला कॉम्प्युटर मी रंजीताला देतो. ती माझी नात्याची कोणी नाही. गावात जे बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि कोण बोलतात तेही.

तिच्यावरही माझा संशय होता. तो का नसावा? सेंटर बंद केल्यावर रोज संध्याकाळी आत येऊन म्हाताऱ्याशेजारी खेळत बसणारी भाडेकरू, आणि म्हाताऱ्याचे मुख्य रस्त्यावर घर! नाटकात मी हेच करायचो. म्हणून धनराजला जे सांगितले त्याच्या उलटे तिला सांगितले. म्हटले, घर धनराजच्या नावे झाले, तो पुढची खोली रिकामी करायला लावेल.

ती म्हणाली, "मग मले दुसरी खोली पाहावी लागन, आबाजी." आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी येईनाशी झाली. सेंटरचे सामान रिक्षात भरून गेले. मी भैयाजींना म्हटले, "पाह्यलं? घर गेलं, पोरगी गेली." बरोबर ओळखल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी एकटाच गडावर गेलो आणि दरवानाचा खांदा दिसत असूनही मेलो. मला फार वाईट वाटले होते.

मग एका संध्याकाळी ती दारात उभी. हातात मुरमुऱ्याची पुडी.

"काऊन आली?" मी विचारले.

"काऊन म्हंजे? बस स्टँडापाशी खोली भेटली, सामान लावन्यात दिवस गेले. तुमी दरवानापाशी थांबले व्हते ना?"

"घर धनराजले गेलं ना पन."

"आयकलं मी. सरका तिकडं."

मी सरकलो, पण सोडले नाही. भैयाजींना गाठून विचारले, खरे काय ते तिला फोडले का? ते चिडले. "मी काय सांगन? खरं काय ते तुमी मले तरी सांगतलं का?" हे बरोबर होते. खरे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा पुढच्या वेळी मी तिलाच सरळ विचारले, "तुया लॅपटॉपवर बी हाच खेळ हाय. इथी काऊन येतं?"

ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "एकटीनं खेळलं तं आपुन मेलो का हासाले कोनी नसते, आबाजी."

त्यानंतरही ती येत राहिली आहे. आता ती माझी भाडेकरू नाही, आणि तिच्या समजुतीप्रमाणे तिला माझ्याकडून काहीही मिळायचे नाही. मी तिच्या म्हणण्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही.

कलम ६. गुप्तता. या कागदाची अट एकच, आणि ती मोडली तर मी मेल्यावरही सोडणार नाही. मी जिवंत असेपर्यंत यातला एक शब्दही रंजीताला कळू नये. म्हणून हा कागद लाखेने बंद करून डॉ. बोरकुटे यांच्याकडे ठेवत आहे आणि अंमलबजावणीही त्यांनीच करावी. भैयाजींकडे ठेवत नाही, कारण ज्याने जन्मभर पडद्याआडून दुसऱ्याचे शब्द सांगितले त्याच्या पोटात काही राहत नाही. ते सही करताना वरचा मजकूर वर्तमानपत्राने झाकलेला असेल. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, हे मी वकिलाला दोनदा विचारून घेतले आहे.

डॉक्टर म्हणाले, तिला सांगून टाका, तिचे भाडे वाचेल. ती स्टँडाजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहते, उन्हाळ्यात तिथे भाजून निघते, हे मला दिसते. तरी सांगणार नाही. सांगितले तर ती बदलेल असे मला वाटत नाही. मी बदलेन. तिने उद्या चहा केला, तरी मी कपाकडे पाहून विचार करेन की हा घराचा चहा की माझा. हा माझा स्वभाव आहे आणि तो आता जायचा नाही. आज मला खात्रीने माहीत आहे की संध्याकाळी माझे दार वाजवणारे एक माणूस फक्त माझ्यासाठी येते. एवढे खात्रीचे मला पूर्वी कधीच काही माहीत नव्हते. ते मला मरेपर्यंत हवे आहे.

मी गेल्यावर तिला घराची किल्ली द्यावी. तिने रागावून विचारले की म्हाताऱ्याने पत्र्याखाली काऊन राहू दिलं, तर हे कलम तिला वाचून दाखवावे.

हे मी वाचून, समजून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने सही करून दिले.

(सही) मुखरू लटारू दोनाडकर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली व ज्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या:

१. (सही) भैयाजी सोमा नाकाडे, निवृत्त प्रॉम्प्टर, राहणार कुरखेडा. मजकूर झाकलेला होता. सही मुखरूभाऊंचीच आहे.

२. (सही) डॉ. गुणवंतराव बोरकुटे, राहणार नागपूर. लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत.

स्थळ: कुरखेडा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५