सुरेशचे केस

रविवार, ८ ऑक्टो. ७२
चर्चमधून परस्पर स्टँडमागच्या ओढ्यावरच्या मोरीवर. बेलबॉटमवाली पाचही पोरं होती. गिटार एक, वाजवणारे पाच. येणारा-जाणारा शेरा मारून जात होता, यांना ढिम्म फरक नाही. सुरेश कठड्यावर, केस खांद्यापर्यंत, मागे पांढरंफटक आभाळ. म्हणाला, "आहे तसं काढ. स्टुडिओतल्यासारखं सजवू नको." शब्द दिला. स्टुडिओत दिवसभर निगेटिव्हवर लोकांचे मुरूम नि सुरकुत्या पेन्सिलीने बुजवते, एक तरी काम खरं असू दे. रोल संपवला.

बुध. ११
सुरेशचा कठड्यावरचा फोटो उत्तम आलाय. आजवर इतका चांगला मी काढलेलाच नाही. नळाला पाणी दिवसाआड, तरी प्रिंट धुवायला दोन बादल्या ओतल्या. काका, म्हणजे आमचे मालक, ओरडले. ओरडू देत. प्रिंट सुरेशला दिली.

मंगळ. १७
सुरेशचे वडील आले, देवळालीहून. पोराला पारनेरची मुलगी सांगून आलीय, फोटो पाठवायचाय. त्याच्या खोलीतली प्रिंट माझ्यापुढे ठेवली.
"आवं ताई, त्यो काय केस कापंना. तुमी फोटुतच कापा की."
नाही म्हटलं. काका मध्येच, "होऊन जाईल, पाटील." डोकंच फिरलं.
खरं लिहू? राग केसांचा नव्हता, लग्नाचा होता. आमचं जमायचं नाही, त्यांची जात, आमचं चर्च, हे काय मला कोणी सांगायला हवं? तरी...

बुध. १८
सुरेश स्वतः आला. वाटलं, भांडेल. तर म्हणतो, "काप गं. फोटोतले गेले तर डोक्यावरचे वाचतील."
"आणि त्या मुलीला काय सांगशील?"
"नंतर वाढले म्हणेन." हसला. मला हसू आलं नाही. आहे तसं काढ म्हणणारा हाच ना? बरं म्हटलं.

गुरु. १९
निगेटिव्हवर लाल रंगाने केस बुजवले. बारीक ब्रश, भिंग, दोन तास. लाल रंगातून उजेड जात नाही, छापल्यावर तिथे नुसतं पांढरं आभाळ. काका म्हणाले, झकास. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. जेवण नाही, एका जागी बसवत नाही.

गुरु. २६
पारनेरच्यांना फोटो पसंत. मुलगा साधा वाटतो म्हणे. रविवारी सुरेशला मुलगी बघायला जायचंय.
दुपारी मोरीवर गेले. केसवाले चौघेच दिसले. पाचव्याला आधी ओळखलंच नाही.
"फोटोसारखं दिसायला नको?" सुरेश म्हणाला. न्हाव्यापुढे माझीच प्रिंट धरली होती. डाव्या कानावर माझा ब्रश जरा घसरला होता, तिथेही न्हाव्याने तेवढेच उडवलेत. बाकीची पोरं माझ्याकडे बघत नव्हती.
"आता काढ एक."
रोल संपलाय म्हटलं. सकाळीच नवा भरला होता.